आर्बकलचा चुनखडक आणि नॉर्मनचं महाविद्यालय

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातले भूकंप ‘फ्रॅकिंगमुळे’ (दाबाने पाणी सोडून खडक फोडायचा आणि तेल-वायू काढायचा, त्यामुळे) झाले, असं आपल्याकडच्या बातम्यांत सर्रास छापून येतं. तिथल्या नॉर्मन शहरातल्या ओक्लाहोमा विद्यापीठात भूविज्ञान किंवा पेट्रोलियम अभियांत्रिकी शिकलेल्या कुणासमोर हे वाक्य बोलून बघा. तो तुमचं बोलणं मध्येच तोडेल, ‘फ्रॅकिंग नव्हे, पाणी’ म्हणेल आणि पुढची वीस मिनिटं तुमची सुटका नाही. बरं, तो चूक नसतो. पण ही दुरुस्ती बऱ्याच वर्षांनी मिळाली, आणि मिळेपर्यंत त्याच्या महाविद्यालयाची, म्हणजे विद्यापीठातल्या ‘पृथ्वी आणि ऊर्जा’ महाविद्यालयाची, पुरती ओढाताण झाली. त्या महाविद्यालयाचं नाव घेतलं की आजही पहिल्यांदा ही ओढाताणच आठवते. म्हणून हा लेख तिच्याभोवतीच फिरणार आहे.

आधी पाण्याचं. ओक्लाहोमाच्या जुन्या थरांतून तेल वर येतं ते एकटं येत नाही, त्याच्यासोबत खारं पाणी येतं. उत्तरेकडच्या काही भागांत तर एका पिंपामागे दहा-दहा पिंपं पाणी निघतं. ते समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारट असतं, शेतात सोडता येत नाही की नदीत. मग ते डिस्पोजल विहिरीतून पुन्हा जमिनीत घालायचं, आणि तेही जिथून काढलं तिथे नाही, तर त्याच्या बऱ्याच खाली, आर्बकल नावाच्या चुनखडक आणि डोलोमाइटच्या जाड थरात. या थरात मूळचा दाब इतका कमी की पुष्कळ ठिकाणी पंप लावावाच लागत नाही. विहीर पाणी आपसूक ओढून घेते. धंद्याला याहून सोयीचं काय हवं? फक्त आर्बकलच्या तळाशी सरळ पायाचा ग्रॅनाइट लागतो, आणि त्या ग्रॅनाइटमध्ये कोट्यवधी वर्षांचे भ्रंश, म्हणजे ज्यांवरून खडक सरकतात अशा भेगा, निपचित पडलेले आहेत. पाण्याचा दाब खाली झिरपला की भ्रंशाच्या दोन बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारी पकड सैल होते. बाकीचं काम जमिनीत आधीच साठलेला ताण करतो.

गंमत म्हणजे हा आर्बकल बघायला विहीर खोदावी लागत नाही. नॉर्मनहून दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर, डेव्हिस गावाजवळ, हमरस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे तो उघड्यावर येतो. पुस्तकांची चळत कलंडून पडावी तसे त्याचे थर तिरके झालेले आहेत. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या इथे बसमधून उतरल्या आहेत. हातोड्याने कपचा काढायचा, ताज्या कपारीवर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकायचा. खदखदून फेस आला की चुनखडक, नुसता सुस्त बुडबुडा आला की डोलोमाइट. बाटली एकीच्या हातात आणि तिच्याभोवती सात-आठ डोकी वाकलेली. जो खडक इथे बोटाखाली लागतो, तोच राज्याच्या मध्यभागी कित्येक हजार फूट खाली पाणी पीत असतो.

महाविद्यालयाचा सगळ्यात मोठा अभिमानही याच डोंगरांतला. १९२१ च्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या पदार्थविज्ञानाशी नातं असलेल्या काही मंडळींनी आधी ओक्लाहोमा सिटीच्या कडेला आणि मग आर्बकल डोंगरात डायनामाइट उडवून, खालच्या थरांवर आपटून परतलेल्या लहरी टिपल्या. परावर्तन-भूकंपमापनाने काढलेला जमिनीचा पहिला छेद तो हाच. आज जगात कुठेही तेल शोधायचं तर आधी हेच करतात. तेव्हा मात्र तेलाचा भाव पडला आणि प्रयोग गुंडाळावा लागला. त्यांच्यातल्याच एकाने पुढे काढलेल्या कंपनीच्या पोटातून डॅलसची ती प्रसिद्ध चिप आणि कॅल्क्युलेटरवाली कंपनी, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, निघाली. अभियांत्रिकीच्या पोरांच्या बाकावरचा कॅल्क्युलेटर असा त्यांच्याच अंगणात येऊन पोहोचतो, आणि बहुतेकांना हे माहीत नसतं.

त्याआधीचं थोडक्यात. भूविज्ञानाचा विभाग १९०० सालचा, म्हणजे राज्यापेक्षा सात वर्षांनी थोरला. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं तेव्हा भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातं काढायचं हे थेट राज्यघटनेतच लिहिलं गेलं. अमेरिकेत असं दुसऱ्या कुठल्या राज्याने केलेलं नाही. दुसऱ्या वर्षी खातं सुरू झालं आणि भूविज्ञान विभागाचा संस्थापक प्राध्यापकच त्याचा पहिला संचालक झाला. १९२० च्या दशकात हे खातं विद्यापीठाच्या नियामक मंडळाखाली आलं आणि तिथेच राहिलं. खातं सरकारचं, छप्पर विद्यापीठाचं. पुढे जे घडलं त्याची अर्धी मेख या वाक्यात आहे.

मधली पन्नास-साठ वर्षं तेलाच्या भावाबरोबर वर-खाली झाली. भाव चढला की वर्ग भरायचे, पडला की ओस पडायचे. १९८२ मध्ये ओक्लाहोमा सिटीतली एक बँक तेलाच्या कर्जांपायी बुडाली, १९८६ मध्ये तेलच कोसळलं, आणि भरभराटीत आखलेला ऊर्जा केंद्राचा विटकरी मनोरा मंदीच्या सावलीत उभा राहिला. २००६ मध्ये भूविज्ञानांचं जुनं महाविद्यालय फोडलं. हवामानशास्त्र आणि भूगोल एका बाजूला गेले आणि त्यांना आवाराच्या दक्षिणेला नवीकोरी इमारत मिळाली. भूविज्ञान, भूभौतिकी, पेट्रोलियम अभियांत्रिकी आणि राज्याचं सर्वेक्षण खातं यांचं ‘पृथ्वी आणि ऊर्जा’ महाविद्यालय झालं. वर्षभरात त्याला एका तेल उद्योजक देणगीदाराचं नाव लागलं. वादळवाले आणि तेलवाले वेगळे झाले, असं याचं सरळ भाषांतर. वाटणी प्रशासनाच्या सोयीची होती, हे मान्य. पण तिच्यामुळे भूकंपाची सरकारी नोंद ठेवणारे लोक, तेलाच्या पैशावर चालणारे वर्ग आणि देणगीदारांच्या नावाच्या पाट्या हे सगळं एकाच जिन्याभोवती आलं, याकडे मला काणाडोळा करता येत नाही.

त्या जिन्यावरचं आयुष्य मात्र साधं होतं. पुण्यातून पेट्रोलियम अभियांत्रिकी करून इथे आलेल्या मुलांना पहिला धक्का भूविज्ञानाच्या मुलांचे बूट बघून बसतो. तेही बूट चिखलाचे, आणि थेट प्रयोगशाळेत. भूविज्ञानवाल्यांचा खरा दीक्षाविधी कोलोरॅडोतल्या कॅन्यन सिटीजवळच्या उन्हाळी शिबिरात होतो. काही आठवडे सकाळी डोंगर, दुपारी ऊन, संध्याकाळी लांब टेबलावर नकाशाला रंग भरणं. ब्रंटन कंपास (थराची दिशा आणि उतार मोजायचं होकायंत्र) थराच्या उतारावर नीट टेकवता आला नाही, तर शेजारच्याच्या नकाशात चुनखडक आणि तुमच्या नकाशात वाळूखडक, आणि रात्रीच्या जेवणाला तीच चर्चा. पेट्रोलियमवाले तेवढ्यात कुठल्यातरी कंपनीत उन्हाळी उमेदवारी करून पगार घेत असतात. यावरून होणारी टोलेबाजी भाव चढत्या वर्षी एका बाजूने असते, उतरत्या वर्षी दुसऱ्या.

आणि मग ५ नोव्हेंबर २०११. चेक स्थलांतरितांनी वसवलेल्या प्राग नावाच्या गावाजवळ (गावकरी त्याला ‘प्रेग’ म्हणतात) पहाटे ५.० तीव्रतेचा धक्का बसला. महाविद्यालयातली भूभौतिकीची एक प्राध्यापिका आणि तिचे विद्यार्थी सुटसुटीत भूकंपमापकं घेऊन निघाले आणि चोवीस तासांच्या आत स्थानिक जाळं उभं करायला लागले. अशी यंत्रं बसवायची म्हणजे कुणाच्यातरी कुंपणाआत खड्डा खणायचा, सपाट फरशी टाकायची, बॅटरी जोडायची, उत्तर दिशा साधायची. त्याच रात्री अकराच्या सुमाराला मुख्य धक्का आला. तेव्हा ५.६ म्हणून नोंदला गेला, पुढे ५.७ झाला. चौदा घरं पडली, शॉनीतल्या एका जुन्या महाविद्यालयाचा मनोरा ढासळला.

मार्च २०१३ मध्ये काही दिवसांच्या अंतराने एकाच छपराखालून दोन उत्तरं बाहेर पडली. सर्वेक्षण खात्याचं निवेदन म्हणालं, उपलब्ध माहितीशी नैसर्गिक कारणच सर्वात जास्त जुळतं. शोधनिबंध, ज्याची मुख्य लेखिका तीच प्राध्यापिका होती, म्हणाला की पहिला तुटलेला भ्रंश पाणी सोडायच्या चालू विहिरींपासून जेमतेम दोनशे मीटरवर सुरू होतो, आणि तिथलं पाणी विहिरीच्या तोंडाशी दिलेला दाब २००१ ते २००६ मध्ये दहापट वाढवून आत घातलं जात होतं. त्या जागी पाणी १९९३ पासून जात होतं. म्हणजे कारण आणि परिणाम यांच्यात अठरा वर्षं. खात्याला हेच खटकत होतं: इतकी वर्षं काही झालं नाही, मग आताच का? निबंधाचं उत्तर असं की पाणी जात होतं तो जमिनीखालचा बंदिस्त कप्पा भरायला तेवढी वर्षं लागली.

खात्याच्या बाजूने एक सांगायला हवं. पाण्याचे आकडे कंपन्या तेव्हा वर्षातून एकदा देत, तेही उशिराने. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. जमिनीत पाणी घातल्याने भूकंप होतात, ही काही २०१३ ची बातमी नव्हती. डेन्व्हरजवळ लष्कराने १९६२ पासून साडेतीन किलोमीटरपेक्षा खोल विहिरीत सांडपाणी सोडलं होतं, तेव्हा शहर हलू लागलं होतं. १९६६ मध्ये विहीर बंद केल्यावरही १९६७ च्या ऑगस्टमध्ये तिथला सर्वात मोठा धक्का बसला. पाठ्यपुस्तकात होतं, वर्गात शिकवलं जात होतं. निवेदनात यायला मात्र वेळ लागला.

त्याच १९६७ च्या डिसेंबरात, ११ तारखेच्या पहाटे, आपलं कोयनानगर उद्ध्वस्त झालं. ‘ओक्लाहोमाचं आपल्याला काय’ असं म्हणता येत नाही ते यामुळे. धरणाच्या पाण्याने भूकंप झाला का, या प्रश्नावर कोयनाखोऱ्यात एक पिढी भांडली. त्या भांडणातून शास्त्रज्ञांच्या हाती जे दोन शब्द उरले, तेच ओक्लाहोमातही अडचणीचे ठरले. भूकंप ‘घडवलेला’ आणि भूकंप ‘चाळवलेला’. ताणाचा मोठा वाटा माणसाच्या कृतीनेच पुरवला असेल तर घडवलेला. ताण निसर्गाचाच, भ्रंश कडेलोटावर आलेला, आणि माणसाने फक्त शेवटची टिचकी दिली, तर चाळवलेला. कोयनेला दुसरा शब्द लागतो, आणि म्हणूनच आपल्या शास्त्रज्ञांनी तोच लावून धरला. मराठीत आपण दोन्हींना ‘प्रेरित भूकंप’ म्हणून मोकळे होतो आणि फरक हरवून बसतो.

फरक नुसता शब्दच्छल नाही. ‘चाळवलेला’ म्हटलं की कंपनीचा वकील म्हणतो, बघा, ताण आमचा नव्हताच, हा आज ना उद्या होणारच होता. घर पडलेला माणूस म्हणतो, उद्या म्हणजे दहा हजार वर्षांनी झाला असता की! शास्त्राच्या दृष्टीने दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि निवेदन लिहिणाऱ्याची पंचाईत इथेच होते. २१ एप्रिल २०१५ ला सर्वेक्षण खात्याने अखेर लिहिलं: अलीकडचे बहुसंख्य भूकंप तेलाबरोबर निघालेलं पाणी जमिनीत घातल्याने चाळवले गेले असण्याची दाट शक्यता आहे. शब्द नेमका निवडलेला होता. पण तोवर राज्यात ३.० च्या वरचे भूकंप वर्षाला एखाद-दोनवरून शेकड्यांवर गेले होते. २०१५ चा आकडा नऊशेच्या वर गेला.

महिन्याभरात पत्रकारांनी विद्यापीठाची ई-मेल बाहेर काढली. एका मोठ्या तेल कंपनीच्या संस्थापकाला भूकंपांवर काम करणारे काही शास्त्रज्ञ खात्यातून गेलेले हवे आहेत, अशा अर्थाची नोंद तेव्हाच्या अधिष्ठात्यांनी २०१४ मध्ये केली होती. उद्योजकाने हे नाकारलं. काढून कुणालाच टाकलं नव्हतं. २०१३ मध्ये खात्याच्या भूकंपतज्ज्ञाला त्या उद्योजकाबरोबर विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या कार्यालयात बसवलं गेलं होतं, आणि अध्यक्ष त्या कंपनीच्या संचालक मंडळावर होते, हेही समोर आलं. दडपण होतं की नुसती चहा-कॉफी, यावर दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम राहिल्या. भूकंपतज्ज्ञ २०१५ मध्ये दुसऱ्या नोकरीवर गेला. प्राध्यापिकेने त्याआधीच न्यूयॉर्क राज्यातल्या विद्यापीठाची वाट धरली होती. मला विचाराल तर इथे खलनायक शोधण्यात फारसा अर्थ नाही. पण ज्या खात्याने लोकांना ‘तुमचं घर का हललं’ हे सांगायचं, त्याच्या दाराबाहेर देणगीदाराची पाटी असेल, तर खरं बोलूनही विश्वास मिळत नाही.

पुढचं वेगाने घडलं. २०१६ च्या सुरुवातीला नियामकांनी आर्बकलमध्ये जाणारं पाणी सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी करायला लावलं. तेलाचा भावही पडलेलाच होता, त्यामुळे नियमाने किती कमी झालं आणि बाजाराने किती, याचा हिशेब अजून निघतो. त्याच वर्षी सप्टेंबरात पॉनीजवळ ५.८ चा धक्का बसला, राज्याच्या नोंदीतला सर्वात मोठा. त्यानंतर आलेख उतरला: २०१६ मध्ये सहाशेच्या आसपास, २०१७ मध्ये तीनशेच्या आसपास. महाविद्यालयातही उतार आला. २०२० च्या एप्रिलमध्ये तेलाचा वायदा शून्याखाली गेला आणि पेट्रोलियमचे वर्ग देशभर रिकामे झाले. आता तिथे जुन्या विहिरींतून जमिनीची उष्णता काढणं, कार्बन डायऑक्साइड खाली साठवणं अशा कामांवर प्रबंध लिहिले जातात. टटल गावात चार जुन्या तेलविहिरींच्या उष्णतेवर शाळा गरम करायचा प्रकल्प याच महाविद्यालयाने हाती घेतला. यंत्रसामग्री बरीचशी तीच, नळ्या त्याच, आणि पाणी पुन्हा खाली-वर करणं आलंच.

२ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री साडेअकराच्या आत-बाहेर प्राग पुन्हा हललं. तीव्रता ५.१.