ट्रेलर हिच

ट्रेलर हिच : मोटारगाडीच्या मागे स्वतःचे इंजिन नसलेले वाहन (ट्रेलर, कॅरॅव्हॅन, बोटीची गाडी) जोडण्यासाठी गाडीच्या सांगाड्याला बसवलेली पोलादी जोडणी. ही नोंद मुख्यतः कौटुंबिक एसयूव्हीवर बसणाऱ्या हिचची निवड आणि तिच्यामागील यंत्रशास्त्र यांपुरती आहे. या साधनाचा खरा प्रसार उत्तर अमेरिका, यूरोप व ऑस्ट्रेलिया येथे असल्याने मानके आणि उदाहरणेही तिकडचीच घेतली आहेत. ट्रेलरच्या पुढच्या टोकाकडून हिचवर खाली पडणाऱ्या वजनाला येथे ‘दांडाभार’ म्हटले आहे.

इतिहास : वाहनाच्या मागे फिरती जोडणी देऊन दुसरे वाहन ओढण्याची कल्पना घोडागाडीच्या काळातील आहे. चार चाकांच्या घोडागाडीत पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवे लोखंडी कडे बसवीत. चार चाकांखेरीजचे म्हणून त्याला ‘पाचवे चाक’ हे नाव पडले. मोठ्या मालट्रकांच्या जोडणीला आजही तेच नाव आहे.

मोटारीमागील पहिल्या ट्रेलरचे श्रेय कोणाचे, यावर मतभेद आहेत. क्लीव्हलँडचे मोटार-निर्माते अलेक्झांडर विंटन यांनी तयार मोटारी ग्राहकांकडे पोचवण्यासाठी 1898-99 च्या सुमारास दोन चाकांची एक गाडी बनवली. तिचे पुढचे टोक ओढणाऱ्या मोटारीच्या पाठीवर टेकत असे. दुसरे मत डेट्रॉइटचे लोहार ऑगस्ट फ्रुहॉफ यांच्या बाजूचे आहे. 1914 मध्ये फ्रेडरिक सिबली या लाकडाच्या व्यापाऱ्याला आपली बोट मिशिगनमधील तळ्यावर न्यायची होती. फ्रुहॉफ यांनी त्यासाठी फोर्ड मॉडेल टी गाडीमागे लावायचा ट्रेलर घडवला. सिनसिनाटीचे जॉन एन्डेब्रॉक यांचे काम याच सुमाराचे असून व्यापारी ट्रेलरांच्या संदर्भात त्यांचेही नाव घेतले जाते. विंटन यांची गाडी आधीची, हे बहुधा मान्य करावे लागते. मात्र कुटुंबाने आपल्या मोटारीमागे हौसेची वस्तू बांधून न्यावी हा वापर ध्यानात घेतला, तर वंशावळ सिबली यांच्या बोटीपासून मांडणे अधिक सयुक्तिक वाटते.

गोल बॉल आणि त्यावर बसणारी वाटी ही आजची रचना यूरोपात वेस्टफालिया या जर्मन कंपनीशी जोडली जाते. व्हीडेनब्रुक येथे 1844 मध्ये लोहारकामाचे दुकान म्हणून सुरू झालेल्या या कंपनीतील फ्रान्ट्स क्न्योबेल यांना तिचे श्रेय देतात. काळ 1932 ते 1934 असा वेगवेगळा सांगितला जातो. कल्पना आधी आणि एकस्व नंतर, असा क्रम धरला तर या दोन वर्षांत विरोध राहत नाही. आकडा आणि कडी यांच्या जुन्या जोडणीत फट राहते. गाडी निघताना आणि थांबताना तीत हिसका बसतो, आणि धातू झिजला की फट आणखी वाढते. बॉलवर घट्ट बसलेली वाटी मात्र तिन्ही दिशांना फिरते व तरीही खुळखुळत नाही. अमेरिकेत 1945 मध्ये वॉशिंग्टन राज्यातील रिजफील्ड येथे यू-हॉल ही ट्रेलर भाड्याने देणारी कंपनी निघाली. एका गावी घेतलेला ट्रेलर दुसऱ्या गावी सोडण्याच्या तिच्या पद्धतीमुळे ट्रेलर ओढणे हे सामान्य कुटुंबांच्याही आवाक्यातले काम झाले.

घटक : अमेरिकी पद्धतीत गाडीच्या मागच्या बाजूला सांगाड्याला बोल्टांनी चौकोनी नळी बसवतात. तिला रिसीव्हर म्हणतात. तिचे तोंड लहान गाड्यांत 1¼ इंच, तर मोठ्या एसयूव्हीत 2 इंच असते. तीत बॉल माउंट (बॉल बसवलेला पोलादी दांडा) सरकवून आडवी खीळ घालतात. बॉल 1⅞ इंच (47.6 मिमी.), 2 इंच (50.8 मिमी.) व 2⁵⁄₁₆ इंच (58.7 मिमी.) अशा तीन व्यासांत मिळतो. यूरोप व ऑस्ट्रेलियात हलक्या ट्रेलरांसाठी 50 मिमी. हाच प्रमुख व्यास आहे. 50 आणि 50.8 मधला फरक नगण्य समजणे धोक्याचे आहे. 50 मिमी.ची वाटी 50.8 च्या बॉलवर नीट उतरत नाही, आणि वाटीपेक्षा लहान बॉल लावला तर खड्ड्यात उसळी बसताच वाटी निसटू शकते. यूरोपात नळीऐवजी हंसाच्या मानेसारखा वाकवलेला दांडा अधिक आढळतो. तो कायम बसवलेला, काढता येणारा किंवा बंपरखाली दुमडणारा असतो. रिकामा बॉल नंबरप्लेट झाकत असेल तर पुष्कळ देशांत तो काढून ठेवावा लागतो.

वर्गवारी : अमेरिकेत एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे684 या मानकात जोडणीचे चार वर्ग आहेत : पहिला 2,000 पौंडांपर्यंत (907 किग्रॅ.), दुसरा 3,500 पौंडांपर्यंत (1,588 किग्रॅ.), तिसरा 5,000 पौंडांपर्यंत (2,268 किग्रॅ.) आणि चौथा 10,000 पौंडांपर्यंत (4,536 किग्रॅ.). बाजारातील ‘तिसऱ्या वर्गा’च्या रिसीव्हरवर मात्र पुष्कळदा 8,000 पौंड हा आकडा छापलेला असतो, आणि मानकात नसलेला पाचवा वर्गही विकला जातो. त्यामुळे वर्गाच्या नावावर न जाता त्या विशिष्ट वस्तूवर कोरलेला आकडा वाचणे श्रेयस्कर. रिसीव्हर, बॉल माउंट, बॉल, वाटी आणि साखळ्या यांपैकी ज्याचा आकडा सर्वांत कमी, तीच सगळ्या जोडणीची मर्यादा. शिवाय दणकट हिच लावल्याने गाडीची ओढण्याची क्षमता वाढत नाही. ती इंजिन, गिअरबॉक्स थंड ठेवण्याची सोय, ब्रेक आणि मागचा आस यांवर ठरते.

यूरोपात जोडणीच्या पट्टीवर दोन अंक असतात. ‘एस’ म्हणजे किलोग्रॅममध्ये कमाल दांडाभार, आणि ‘डी’ म्हणजे गाडी व ट्रेलर यांच्यातील आडव्या बलाचे किलोन्यूटनमधील मूल्य. गाडीचे कमाल अनुज्ञेय वस्तुमान व ट्रेलरचे वस्तुमान यांचा (टनांत) गुणाकार करून त्याला दोहोंच्या बेरजेने भागायचे आणि 9.81 ने गुणायचे. 2.4 टनांची एसयूव्ही 2 टनांची कॅरॅव्हॅन ओढत असेल तर डी-मूल्य सुमारे 10.7 येते. म्हणजे हिचवर किमान तेवढा अंक हवा.

दांडाभार : हिच निवडताना बहुतेकजण गाडी किती वजन ओढते हे विचारतात. वस्तुतः कौटुंबिक एसयूव्हीत निर्णायक ठरतो तो दांडाभार.

एका आसाच्या ट्रेलरचे सामान चाकांच्या पुढे अधिक असले तर ट्रेलरचा पुढचा दांडा खाली दाबला जातो. ते मागे अधिक झाले तर दांडा वर उचलला जातो. महाराष्ट्रातील बैलगाडीवाल्यांना हे नव्याने सांगावे लागत नाही. माल मागे जास्त भरला की गाडी उलळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठते. पुढे जास्त भरला की तेच जू मानेवर बसते. गाडीवान पोती पुढेमागे सरकवून मानेवर बेताचे ओझे राहील असे बघतो. ट्रेलर भरण्याचे तत्त्व हेच आहे. फरक वेगाचा, आणि तो फार मोठा. बैलगाडी उलळली तर बैल थांबतात. ताशी 100 किमी.ने धावणारा मागे जड ट्रेलर लंबकासारखा डावी-उजवीकडे हेलकावू लागतो, आणि एका मर्यादेपलीकडे प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होत जाऊन गाडीलाच आडवी करतो.

हा भार किती असावा यावर अमेरिका आणि यूरोप यांच्यात जुना मतभेद आहे. अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के ही शिफारस रूढ आहे. ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅनसाठी साधारणपणे 5 ते 7 टक्के सांगतात. जर्मन नियमात किमान 4 टक्के असून तो 25 किग्रॅ.हून अधिक असण्याची सक्ती नाही. त्यामुळे एकाच घराण्यातील गाडीचे आकडे दोन खंडांत वेगळे दिसतात. टोयोटा आरएव्ही4 हायब्रिडच्या पाचव्या पिढीला अमेरिकेत 1,750 पौंड (794 किग्रॅ.) ओढण्याची मुभा आहे, तर यूरोपात तिच्या चारचाकी-चालनाच्या आवृत्तीला 1,650 किग्रॅ.ची. यावरून अमेरिकी कंपन्या वकिलांना घाबरतात असा निष्कर्ष काहीजण काढतात, पण तो अपुरा आहे. जर्मनीत ट्रेलरसह सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी 80 किमी. आहे, अटी पुऱ्या केल्यास 100. अमेरिकेच्या अनेक राज्यांत ट्रेलरही त्याहून बऱ्याच अधिक वेगाने धावतात. यूरोपीय कॅरॅव्हॅन हलक्या असून त्यांतील जड वस्तू आसाजवळ ठेवण्यावर कटाक्ष असतो. हेलकाव्याचे संदमन (हेलकावा आपोआप शमण्याची क्रिया) वेग वाढेल तसे घटते, म्हणून वेगवान रस्त्यावर अधिक दांडाभार मागितला जाणे स्वाभाविक आहे. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात वजनाची जागा बदलता येणाऱ्या ट्रेलरवर चाचण्या झाल्या. त्यांत दांडाभाराबरोबरच ट्रेलरचे जडत्व परिबल (वजन मध्यापासून जितके दूर पसरलेले, तितका वाढणारा वळण्यातील जडपणा) आणि आसाची जागा यांचा प्रभाव ठळकपणे दिसला. म्हणजे दोन्ही टोकांना जड सामान ठेवून मधोमध तोल साधलेला ट्रेलर दांडाभार बरोबर असूनही अस्थिर असू शकतो. टक्केवारीच्या वादापेक्षा हे निरीक्षण अधिक मोलाचे मानावे. जड वस्तू आसावर, जराशा पुढे आणि तळाशी ठेवाव्यात.

दुसरा परिणाम ओढणाऱ्या गाडीवर होतो. बॉल मागच्या आसाच्या मागे असल्याने दांडाभार तरफेसारखा काम करतो. दोन आसांमधले अंतर 2.8 मी., बॉल मागच्या आसापासून 1.2 मी. मागे आणि दांडाभार 200 किग्रॅ. असा हिशेब केला, तर मागच्या चाकांवर सुमारे 286 किग्रॅ. वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे सुमारे 86 किग्रॅ. कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटते, ब्रेकची पकड घटते आणि हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातात. भार विभागणारी हिच लांब स्प्रिंग-दांड्यांच्या साह्याने यातील काही भार पुढच्या आसावर परत नेते. मात्र वेगळी चौकट नसलेल्या, एकसंध सांगाड्याच्या काही एसयूव्हींना असे वळणबल देण्यास निर्माते मनाई करतात. म्हणून ती घेण्यापूर्वी गाडीची पुस्तिका पाहणे अगत्याचे.

तिसरी गोष्ट जाहिरातीत येत नाही. दांडाभार हा गाडीतल्या ओझ्याचाच भाग असतो. समजा, चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीनुसार माणसे आणि सामान मिळून 600 किग्रॅ.ची मुभा आहे. पाच माणसे 350, सामान 80 आणि हिचचे स्वतःचे लोखंड 30 वजा जाता दांडाभारासाठी 140 किग्रॅ. उरतात. 12 टक्के धरल्यास यातून सुमारे 1,170 किग्रॅ.चा ट्रेलर निघतो, मग पत्रकात 2,268 लिहिलेले का असेना. त्या पत्रकातील आकडा फसवा नाही, पण तो वेगळ्या परिस्थितीतला आहे. 2008 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या एसएई जे2807 या मानकाने ओढक्षमतेची चाचणी सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा लांब चढ, उन्हाळ्यातली उष्णता आणि चालू एसी अशा स्थितीत ठराविक वेग राखावा लागतो. 2011 च्या गाड्यांपासून टोयोटाने ते प्रथम स्वीकारले, इतर कंपन्या सावकाश आल्या. या चाचणीत गाडीत चालक आणि एक सहप्रवासी, प्रत्येकी 150 पौंडांचे (68 किग्रॅ.), धरलेले असतात. मागच्या सीटवरची मुले, आजी-आजोबा आणि डिकीतल्या बॅगा त्यात नसतात.

ब्रेक व वीजजोडणी : यूरोपात 750 किग्रॅ.हून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. ते बहुधा ट्रेलर पुढे ढकलला गेला की आपोआप लागणारे असतात. अमेरिकेत विजेचे ब्रेक रूढ असून ते चालकाजवळच्या नियंत्रकाने चालतात. सक्तीची मर्यादा राज्यानुसार बदलते, पुष्कळ ठिकाणी ती 3,000 पौंड आहे. दिव्यांसाठी तिकडे चार किंवा सात तारांचा, यूरोपात सात किंवा तेरा पिनांचा प्लग असतो. अमेरिकी चार तारांच्या प्लगमधून विजेचे ब्रेक चालत नाहीत, हे हिच बसवतानाच लक्षात घ्यावे. गाडीच्या स्थैर्य-नियंत्रण प्रणालीला मागे ट्रेलर आहे हे कळावे यासाठी काही गाड्यांत निर्मात्याचाच वायरिंग संच लागतो. सुरक्षा साखळ्या दांड्याखाली फुलीच्या आकारात बांधतात. वाटी निसटली तर दांडा त्यांच्या झोळीत अडतो.

इतर उपयोग : अमेरिकेत ट्रेलर कधीच न ओढणाऱ्या गाड्यांवरही सायकल रॅकसाठी हिच बसवतात. जड ई-सायकली असल्यास 2 इंची रिसीव्हर सोयीचा.

भारत : भारतात कौटुंबिक मोटारीमागे ट्रेलर ओढण्याचा प्रघात अल्प आहे. येथील परिचयाची जोडणी ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांची, आकडा किंवा खीळ घालून केलेली. पश्चिम महाराष्ट्रात ऊस गळिताच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या दिसतात. दोन आसांची ट्रॉली आपले वजन स्वतःच्याच चाकांवर पेलते आणि आकड्यावर जवळजवळ फक्त ओढ येते. एका आसाची ट्रॉली मात्र आकड्यावर भारही टाकते, आणि तिच्या बाबतीत वर सांगितलेला सगळा हिशेब लागू पडतो.