चाक मोठं झालं की चाक बाहेर आलं? अलॉयचा साइज आणि ऑफसेट

माझ्या चुलतभावानं दिवाळीत गाडीला नवे अलॉय टाकले. जुनी चाकं पंधरा इंची, नवीही पंधरा इंची, टायर तर जुनेच चढवले. "साइज तोच हाये, मंग काहून घाबरतं?" दुकानदार म्हणाला आणि भाऊही तेच म्हणत घरी आला. एकटा फिरायचा तोवर गाडी गुमान चालली. मग पाच माणसं आणि डिक्कीभर सामान घेऊन मंडळी माहूरगडावर निघाली, आणि घाटातल्या प्रत्येक खड्ड्यात मागून खर्रर्र. परत आल्यावर पाहिलं, तर मागच्या टायरची बाहेरची कड कातरून निघालेली.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. साइज खरंच तोच होता. बदलला होता ऑफसेट, आणि त्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

साइज म्हणजे टायरच्या अंगावर जे लिहिलेलं असतं ते. १८५/६५ आर१५ यात टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे साधारण १२० मिलिमीटर, आणि रिम १५ इंची. दोन्हीकडची भिंत आणि रिम मिळून चाक उभं ६२१.५ मिलिमीटर भरतं. आता १९५/५५ आर१६ घ्या. रिम एक इंचानं वाढली, भिंत १०७ वर आली, चाकाची उंची ६२०.९. म्हणजे जवळपास तेवढीच. रिम मोठी म्हणून गाडी उंच होते हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे. पांदणीत गाडीचं पोट घासतं म्हणून कुणी २०५/६५ आर१५ टाकतो, तेव्हा चाक २६ मिलिमीटरनं वाढतं, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, १३ मिलिमीटर. एवढ्यासाठी स्पीडोमीटर चार टक्के चुकतो: काटा ८० वर आणि गाडी खरी ८३ च्या पुढे. चाकाची एकूण उंची मूळच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवावी, हा जाणत्या टायरवाल्यांचा हिशोब त्यासाठीच असतो.

टायरवर आर१५ च्या पुढे ८८एच असं काही असतं, तेही वाचा. ८८ म्हणजे एका टायरनं ५६० किलो पेलायचे. १९५/५५ आर१६ मध्ये ८७ चे टायरही मिळतात, त्यांची ताकद ५४५ किलो. पेरणीच्या दिवसांत कारमध्येच युरियाची ४५ किलोची पोती कोंबणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा, अलॉयचं डिझाइन मग.

ऑफसेट मात्र समोरून दिसत नाही. रिमच्या रुंदीच्या बरोब्बर मध्यातून एक रेघ कल्पा. चाक ज्या सपाट तोंडानं हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक नटांनी आवळतात त्याला) टेकतं, ते तोंड त्या रेघेपासून किती मिलिमीटर बाहेर किंवा आत आहे, तो ऑफसेट: बाहेर असेल तर अधिक, आत असेल तर वजा. रिमच्या आतल्या अंगाला ईटी४५ असं कोरलेलं किंवा ओतलेलं असतं, म्हणजे ऑफसेट ४५ मिलिमीटर. बैलगाडीच्या भाषेत सांगायचं तर धाव केवढी हा साइज, आणि तुंब्याच्या मानानं धाव आत की बाहेर हा ऑफसेट. पुढची चाकं ओढणाऱ्या आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांचा ऑफसेट ३५ ते ५० च्या आसपास, अधिकमध्ये असतो. गंमत अशी की आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. ईटी४५ ऐवजी ईटी३५ घेतला की दोन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर बाहेर. भावाच्या गाडीचं हेच झालं. नट बसले, टायर तोच, पण भार पडून गाडी दबली की टायर पंख्याच्या, म्हणजे चाकावरच्या मडगार्डच्या, कडेला जाऊन भिडायचा.

खरा घोळ रुंदीनं होतो, कारण रुंद रिमही बाहेर येते आणि कमी ऑफसेटची रिमही. समजा, मूळ चाक ६जे (म्हणजे रिम ६ इंच रुंद) ईटी४५ आहे आणि तुम्ही ७जे ईटी३८ घेताय. एक इंच रुंदी वाढली म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिलिमीटर. त्यात ऑफसेटचे ७ बाहेर ढकलले. बाहेरची कड जवळजवळ २० मिलिमीटर पुढे, आतली कड शॉकअपकडे साडेपाच-सहा. आता तेच ७जे ईटी४५ मध्ये घेतलं तर दोन्हीकडे पावणेतेरा, म्हणजे बाहेर जरा बरं, पण आत अधिक खेटून. एका आकड्यावर निर्णय होत नाही तो यामुळे.

"चाक आतून घासतं ना, मग स्पेसर टाकू" हा सल्लाही ऐकायला मिळतो. १० मिलिमीटरचा स्पेसर म्हणजे ईटी४५ चा ईटी३५ करणंच, वर नट स्टडवर तेवढे कमी आटे धरतात. मी टाकणार नाही.

चाक बाहेर आलं की बेअरिंगवर भार लांबून पडतो आणि स्टिअरिंग हातात ओढायला लागतं. डांबरीवर हे कळत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोरीत पुढचं चाक गेलं की लगेच कळतं. शिवाय आपली माती चाकाला नुसती लागत नाही, थापली जाते. पंख्याच्या आत जी बोटभर जागा कंपनीनं सोडलेली असते, ती चिखलासाठीही लागते. शोरूमसमोर फिरवून "काहीच घासत नाही" म्हणणाऱ्याला ही जागा मोकळी वाटते.

कायद्याचं सांगायचं तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकानं मुळात दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कलम ५२ मध्ये ऑफसेट हा शब्दही नाही, म्हणून तो मोकळा आहे असं समजू नका. पंख्याबाहेर डोकावणारं चाक रस्त्यावर उभ्या हवालदाराला टेप न लावता दिसतं, आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर टेप लावूनच पाहतो.

सरळ वाट एकच: त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनी कोणतं चाक देते ते पाहायचं. बलेनोला खालच्या व्हेरिअंटमध्ये १८५/६५ आर१५ आणि वरच्यात १९५/५५ आर१६ आलेले आहेत. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर आणि गाडीचं पुस्तक यात साइज आणि हवा दोन्ही मिळतं. टायरवर आयएसआय चिन्ह हवंच. तरीही माझं मत विचाराल तर गावाकडच्या रस्त्याला पंधरा इंचीच बरी. सोळा इंचीत भिंतीचं १३ मिलिमीटर रबर जातं आणि खड्ड्याचा मार थेट रिमवर येतो.

रिमवर ईटी वाचता येत नसेल तर मोजता येतो. टायर उतरवलेली रिम तोंडावर पालथी घाला, मागच्या कडांवर सरळ पट्टी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंत खोली मोजा. ६जे रिम कडांसकट सुमारे १७८ मिलिमीटर रुंद असते, निम्मे ८९. खोली १३४ आली तर १३४ वजा ८९, ईटी४५. आणि जुनं चाक काढण्याआधी पंख्याच्या कडेवरून गवंड्याचा ओळंबा सोडून टायरपर्यंतचं अंतर लिहून घ्या, मागे चार माणसं बसवून. भावाच्या गाडीचं हे माप मी नंतर घेतलं. जुन्या चाकांवर १४ मिलिमीटर, नव्यांवर ४. अलॉय सध्या गोठ्याच्या माळ्यावर आहेत.