उंच पोरगा पहिल्या क्रमांकालाच उचलावा लागतो?

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये एक समज घट्ट बसलाय: गोल करणारा उंच फॉरवर्ड ड्राफ्टच्या (क्लब क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात, त्याच्या) अगदी सुरुवातीलाच मिळतो, नंतर गाळच.

२०१५चाच ड्राफ्ट बघा. ब्रिस्बेनने दुसऱ्या क्रमांकाला जॉश शॅकी घेतला. दोनच हंगामांत तो क्लब सोडून गेला. कार्लटनने दहाव्याला हॅरी मकाय, बाराव्याला चार्ली कर्नो उचलला. सर्वाधिक गोलांचं कोलमन पदक मकायला २०२१मध्ये, कर्नोला २०२२ आणि २०२३मध्ये.

कारण साधं आहे. अठराव्या वर्षी उंची असते, अंगात भर नसते. २००८मध्ये मेलबर्न क्लबने पहिल्या क्रमांकाला घेतलेला जॅक वॉट्स पदार्पणात चेंडू हाती येताच प्रतिस्पर्धी कॉलिंगवुडच्या खेळाडूंच्या घोळक्याखाली गेला. (मेलबर्नची घाई, दुसरं काय!) बेन ब्राउन मात्र एकविशीत, ४७व्या क्रमांकाला आला, आणि नॉर्थ मेलबर्नसाठी सलग तीन हंगाम साठीपार गोल.