नदालचं नाक आणि पोरांची नक्कल

टेनिस शिकणारं आठ-नऊ वर्षांचं पोर कधी बघितलंय का? सर्व्ह करायच्या आधी नाकाला हात लावणार, केस कानामागे सारणार, परत नाक, आणि मग बॉल थेट नेटमध्ये. राफाएल नदाल सर्व्हच्या आधी हेच सगळं करायचा. त्याचा फोरहँड काही पोराला जमत नाही, पण नाक लगेच जमतं. हसू येतं बघून, पण खेळाडू मुलांचे रोल मॉडेल असावेत की नसावेत असा वाद निघाला की मला हे नाकच आठवतं.

कारण मुलं नक्कल करताना निवडत बसत नाहीत. 2005 मध्ये व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी चिंपांझी आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना एका डब्यातून खाऊ कसा काढायचा ते करून दाखवलं, आणि त्यात मुद्दाम काही बिनकामाच्या कृती घुसडल्या. डबा पारदर्शक असला की चिंपांझींनी त्या फालतू कृती बहुतेक वेळा गाळल्या आणि सरळ खाऊ काढला. मुलांनी मात्र डब्यावर टकटक वगैरे सगळं जसंच्या तसं केलं. याला ओव्हरइमिटेशन म्हणतात. वरवर बघता चिंपांझी हुशार आणि पोर वेडं असं वाटेल, पण तसं नाहीये, माणसाच्या जगात कुठली गोष्ट का करतात हे लहान मुलाला बघून कळतच नाही, त्यामुळे मोठा माणूस करतोय ना मग सगळंच उचला, कामाचं काय ते नंतर बघू, हा हिशोब बऱ्याचदा फायद्याचा ठरतो.

खेळाडूच्या बाबतीत या 'सगळ्यात' मेहनतही आली, रॅकेट आपटणंही आलं आणि अंपायरवर ओरडणंही.

मग कोणी म्हणेल, चुकला तर त्याला शिक्षा होतेच की, मुलं त्यातून शिकतील. इथे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा 1965 चा प्रयोग बघा. मुलांना फिल्म दाखवली, त्यात एक मोठा माणूस हवा भरलेल्या बाहुलीला बडवतो. काहींच्या फिल्ममध्ये शेवटी त्याला खाऊ मिळतो, काहींच्या फिल्ममध्ये बोलणी बसतात, आणि काहींच्यात काहीच होत नाही. बोलणी बसलेली पाहणाऱ्या मुलांनी नंतर कमी नक्कल केली. छान! पण मग सगळ्याच मुलांना सांगितलं की त्याने काय काय केलं ते करून दाखवा, स्टिकर आणि ज्यूस देऊ, तर तिन्ही गटांचा फरक जवळपास पुसला गेला. म्हणजे शिकले सगळेच होते, काहींनी ते फक्त आत ठेवलं होतं.

आणि खेळात शिक्षा येते तरी कधी? सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने 1999 ते 2005 सलग सात वेळा टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकली आणि डोपिंगमुळे ती टायटल्स काढून घेतली 2012 ला. 1999 ला दहा वर्षांचं असलेलं पोर तोवर तेवीस वर्षांचं झालं होतं.

1993 मध्ये बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कलीने तर सरळ सांगून टाकलं की मी रोल मॉडेल नाही, ते काम आईवडिलांचं. सांगितलं कुठे, तर बूट विकायच्या जाहिरातीत! त्यावर दुसरा बास्केटबॉलपटू कार्ल मलोनने उत्तर दिलं होतं की हे आपण ठरवत नाही, लोक आपल्याला निवडतात. नक्कलीचं विज्ञान बघितलं तर मलोनचंच बरोबर वाटतं.

बरं, नुसतं मोठं नाव बघून हुरूप येतो असंही नाही. पेनेलॉपी लॉकवुड आणि झिवा कुंडा यांनी 1997 मध्ये अकाउंटिंगच्या विद्यार्थ्यांना त्याच कोर्सच्या एका टॉपरबद्दल वाचायला दिलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना जोर आला, कारण हातात वेळ होता, पण शेवटच्या वर्षाच्यांवर तसा काही परिणाम झाला नाही. आपल्याला जमण्यासारखं वाटलं तरच ते यश खेचतं. मोठ्या स्पर्धा झाल्या की घराघरातली पोरं मैदानावर उतरतील असं आयोजक दरवेळी सांगतात, त्याचा ठोस पुरावा फारसा मिळालेला नाही, त्याचं एक कारण हेच असावं असं आपलं मला वाटतं.

म्हणून मला टोकियो ऑलिम्पिकमधली जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स जास्त रोल मॉडेल वाटते. 2021 ला टीम फायनलमध्ये व्हॉल्ट, म्हणजे धावत येऊन टेबलावरून घ्यायची उडी, मारताना हवेत तिला आपलं शरीर कुठे आहे तेच कळेना, अडीच ट्विस्ट म्हणजे गिरक्या मारायच्या होत्या, दीडच झाल्या. जिम्नॅस्ट याला ट्विस्टीज म्हणतात, यात मान मोडू शकते. तिने फायनल सोडली आणि बाजूला उभी राहून टीमला ओरडून ओरडून चिअर करत बसली, टीमला सिल्व्हर मिळालं. तिचा व्हॉल्ट कुठल्याही पोराला जमणार नाही. पण आज माझ्याने होत नाही असं सांगून मैत्रिणींसाठी टाळ्या वाजवणं, हे नदालच्या नाकाइतकंच सोपं आहे.