भोसल्यांच्या सोयरिकी: शहाजीराजांच्या उदयाची पार्श्वभूमी

वेरूळच्या बाबाजी भोसल्यांकडे पाटीलकी होती. त्यांचे मुलगे मालोजी आणि विठोजी अहमदनगरच्या निजामशाहीच्या चाकरीत चढत गेले, पण तलवारीला वजन आलं ते सोयरिकीनं. मालोजींची पत्नी उमाबाई फलटणच्या नाईक-निंबाळकरांची लेक. जुन्या, मातब्बर देशमुखांशी नातं जुळलं आणि भोसल्यांचं घराणं सरदारांच्या पंगतीत बसलं. इंदापूरच्या लढाईत मालोजी पडले. मागे शहाजी आणि शरीफजी ही लहान मुलं राहिली. त्यांना विठोजींनी सांभाळलं.

शहाजींचं लग्न सिंदखेडच्या लखुजीराव जाधवांच्या लेकीशी, जिजाऊंशी झालं. रंगपंचमीच्या दिवशी सदरेवर लखुजींनी छोट्या शहाजी-जिजाऊंना पाहून गमतीत ‘जोडा शोभतो’ म्हटल्याचा प्रसंग बखरीनं रंगवलाय, तो सगळ्यांना पाठ असतो. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दोन घरांतली तफावत. जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवत आणि त्यांची फौज मोठी होती. भोसले कालपरवा वर आलेले.

पण लग्नानं राजकारण बांधलं गेलं नाही. लखुजीराव 1621 च्या सुमारास मोगलांना मिळाले. 1624 मध्ये नगरजवळ भातवडीला मोगल आणि विजापूरच्या आदिलशाही फौजा एकवटून निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्यावर चालून आल्या, तेव्हा सासरे मोगलांकडून उभे होते आणि जावई निजामशाहीकडून. अंबरनं तलावाचं पाणी सोडून शत्रूचा तळ चिखलात रुतवला आणि लढाई जिंकली. शहाजींचं नाव गाजलं ते इथेच. शरीफजी मात्र याच रणात पडले. त्या घरात विजयाची बातमी कशी पोहोचली असेल, हा विचार मनातून जात नाही.

पुढे लखुजीराव निजामशाहीत परतले. 1629 च्या जुलैमध्ये दौलताबादच्या किल्ल्यात भर दरबारात त्यांना आणि त्यांच्या मुलांना दगा करून मारण्यात आलं. शहाजींनी निजामशाही सोडली आणि मोगलांकडून पाच हजारी मनसब, म्हणजे सरदारकीचा दर्जा, घेतली.

त्या धामधुमीत गरोदर जिजाऊंना ठेवायचं कुठे? माहेर उद्ध्वस्त झालेलं, रानात फौजा फिरत होत्या. इथे एक नवी सोयरीक कामी आली. शहाजींचे थोरले चिरंजीव संभाजी यांचं लग्न शिवनेरीच्या विजयराज यांच्या कन्येशी, जयंतीशी झालं होतं. गड व्याह्यांचा होता. जिजाऊ तिथेच राहिल्या, आणि 19 फेब्रुवारी 1630 रोजी त्याच गडावर शिवाजी महाराज जन्मले.