एआयचा कोड आणि तपासणीचं बिल

संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनच्या प्रोग्रॅममधला 'जी ७१ म्हणजे काय?' असं नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या वर्कशॉपमध्ये मशीन लावून देणाऱ्या सेटरला विचारलं, तर तो आधी उलट विचारेल, 'कंट्रोल कुठला?', म्हणजे मशीन चालवणारा संगणक कुठल्या कंपनीचा? फॅनुकच्या लेथवर जी ७१ म्हणजे साधारणपणे रफ टर्निंगची सायकल, बारवरचं जादा मटेरियल थराथरानं काढायचा हुकूम. सीमेन्सच्या स्वतःच्या भाषेत तोच जी ७१ फक्त एवढंच सांगतो की मापं मिलिमीटरमध्ये आहेत. रफिंगसाठी तिथं वेगळीच सायकल लागते. त्यात फॅनुकच्या काही सेटिंगमध्ये एक्स १० हे माप दशांशाच्या टिंबाशिवाय लिहिलं तर मशीन ते १० मिलिमीटर न धरता १० मायक्रॉन धरतं. एका टिंबानं हजारपट फरक.

असा प्रोग्रॅम आता चॅटजीपीटी, क्लॉड किंवा जेमिनायकडून अर्ध्या मिनिटात लिहून मिळतो. ड्रॉइंगवरची मापं सांगायची, की चाळीसएक ओळी समोर येतात, प्रत्येक ओळीपुढे समजावणारी टीप. बऱ्याचदा प्रोग्रॅम ठीक असतो. कधी सुरुवात एका कंट्रोलच्या रिवाजानं होते आणि मधली सायकल दुसऱ्याच्या थाटात येते. वर्कशॉपमध्ये त्याचा फारसा गाजावाजा होत नाही, कारण नवा प्रोग्रॅम कोणीही लिहिलेला असो, आधी ड्राय रन होतो, म्हणजे काही न कापता तो नुसता चालवून पाहतात, मग सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ चालवली जाते, मग पहिला पीस काढून मोजतात. प्रोग्रॅम साहेबांनी लिहिला म्हणून ड्राय रन कोणी सोडत नाही. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, जॉब धरणाऱ्या चकवर आदळलं तर काय होतं हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

एआयबद्दल माझी जी काही शंका आहे ती याच जागी आहे. ही यंत्रं चुकतात, यात नवल नाही, माणसंही चुकतात. प्रश्न असा की त्यांनी लिहिलेलं तपासायला किती वेळ लागतो, तो वेळ कोण देतं, आणि 'कामं भराभर होतात' असं म्हणताना तो हिशेबात धरलेला असतो का.

मुळात चूक होते कशी, ते पाहू. या साधनांच्या पोटात असतं ते भाषेचं मॉडेल. अफाट मजकूर वाचून ते एकच गोष्ट शिकतं: आतापर्यंतच्या मजकुरानंतर पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता किती. या तुकड्यांना टोकन म्हणतात. उत्तर म्हणजे असे तुकडे एकापुढे एक जोडत जाणं. प्रशिक्षणाच्या मजकुरात फॅनुकही असतो, सीमेन्सही आणि इंटरनेटच्या चर्चामंचांवरच्या अर्धवट उत्तरांतले चुकलेले प्रोग्रॅमही. तुमच्या शेडमध्ये कुठलं मशीन उभं आहे, ते तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळायला मार्ग नाही. सांगितल्यावरही, जो नमुना त्यानं जास्त वेळा पाहिलाय त्याकडे ते झुकू शकतं. आणि बरोबर ओळ लिहिताना व चुकीची ओळ लिहिताना आतली प्रक्रिया एकच असते. त्यामुळे चुकीच्या उत्तराचा सूर जराही कापरा होत नाही.

हा ठाम सूर येतो कुठून, याचं एक कारण चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्याच संशोधकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये मांडलं. मॉडेलं ज्या चाचण्यांवर जोखली जातात त्यातल्या बहुतेकींत 'माहीत नाही' या उत्तराला शून्य गुण असतात आणि ठोकून दिलेलं उत्तर लागलं तर पूर्ण गुण. निगेटिव्ह मार्किंग नसलेल्या सीईटीत शेवटच्या पाच मिनिटांत आपली मुलं उरलेले सगळे गोल काळे करतात, तसाच हा प्रकार. फरक इतका की मुलाला आपण कुठे अंदाज मारलाय हे माहीत असतं आणि घरी आल्यावर तो सांगतोही.

मराठी वाचकाला यात आणखी एक अडचण आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइट घेतं, रोमन अक्षराला एक पुरतो. सुरुवातीच्या मॉडेलांची टोकनं इंग्रजीच्या सोयीनं बेतलेली असल्यामुळे मराठी वाक्याचे अगदी बारीक तुकडे पडायचे, आणि उत्तरातली मराठी लंगडायची. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे मॉडेल आलं तेव्हा ओपनएआयनं नमुन्यादाखल दिलेलं एक मराठी वाक्य आधी ९६ टोकनांचं होतं, ते नव्या पद्धतीत ३३ टोकनांत बसलं. खर्च टोकनांवर मोजला जात असल्यामुळे मराठी स्वस्त झाली, अस्खलितही होत गेली. चांगलंच झालं. पण पूर्वी मोडक्या मराठीवरून माणूस सावध व्हायचा, ती खूण आता गेली. भाषा सुधारली म्हणून माहिती त्याच प्रमाणात सुधारली असं नाही, आणि वाचताना ते ओळखू येत नाही.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ, कारण 'एआयनं काम दुप्पट वेगानं होतं' हा दावा सर्वांत जोरात तिथंच ऐकू येतो. दाव्याला आधार नाही असं नाही. गिटहब कोपायलट या कोड सुचवणाऱ्या साधनाच्या सुरुवातीच्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रॅमरना जावास्क्रिप्टमध्ये एक साधा वेब सर्व्हर लिहायला दिला होता. साधन वापरणाऱ्यांचं काम सरासरी १ तास ११ मिनिटांत झालं, न वापरणाऱ्यांना २ तास ४१ मिनिटं लागली. मोठा फरक आहे. फक्त वेब सर्व्हर हे काम असं, की ज्याचे हजारो नमुने जगभर पडलेले आहेत आणि ते चाललं की नाही हे लगेच कळतं.

जुलै २०२५ मध्ये मीटर (METR) नावाच्या अमेरिकी संस्थेनं वेगळ्या तऱ्हेनं मोजलं. १६ अनुभवी प्रोग्रॅमर, ते वर्षानुवर्षं सांभाळत असलेले मोठे ओपन सोर्स (म्हणजे कोड सर्वांना खुला असलेले) प्रकल्प, आणि त्यातली खरीखुरी २४६ कामं. प्रत्येक कामाला एआय वापरायचं की नाही, हे माणसानं ठरवायचं नाही, यदृच्छेनं ठरायचं. सुरू करण्याआधी त्यांचा अंदाज होता की एआयमुळे वेळ २४ टक्के वाचेल. काम संपल्यावर त्यांना वाटलं, २० टक्के वाचला. घड्याळ सांगत होतं की एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला.

हा १९ चा आकडा मी फार कवटाळून बसणार नाही. तो २०२५ च्या पूर्वार्धातल्या साधनांचा आहे, माणसं सोळाच होती, आणि साधनं महिन्यामहिन्याला बदलतात. टिकण्यासारखी गोष्ट दुसरी आहे: स्वतःच्या कामात मुरलेल्या माणसांना स्वतःचाच वेळ वाचला की गेला हे सांगता आलं नाही. मग 'आमच्या टीमची उत्पादकता वाढली' हे मीटिंगमध्ये हात वर करून ठरवण्याला काय अर्थ उरतो? असं वाटण्याचं कारणही समजण्यासारखं आहे. रिकाम्या पडद्यापुढे बसून पहिली ओळ लिहिणं डोक्याला जड जातं; आयत्या आलेल्या ओळी वाचत दुरुस्त करणं हलकं वाटतं. कष्ट कमी झाले की वेळही कमी गेला, असं मन धरून चालतं. त्या प्रयोगात एआयनं दिलेल्या कोडपैकी निम्म्याहून कमी कोड स्वीकारला गेला. बाकीचा वाचून, चालवून, वैतागून टाकून दिला. तो वेळही गेलाच की.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाच्या २०२५ च्या पाहणीत ८४ टक्के प्रोग्रॅमर ही साधनं वापरतो किंवा वापरणार आहोत म्हणाले, आणि ४६ टक्क्यांनी त्यांच्या अचूकतेवर विश्वास नसल्याचं सांगितलं. त्यांची मुख्य तक्रार होती, जवळजवळ बरोबर पण पूर्ण बरोबर नसलेली उत्तरं. साफ चुकलेला कोड चालतच नाही, म्हणून तो निरुपद्रवी. जवळजवळ बरोबर असलेला चालतो, आणि मार्चअखेरीला, ज्या दिवशी बिलं सर्वांत जास्त असतात त्या दिवशी, पैशांच्या गोळाबेरजेत फरक दाखवतो.

यातला एक प्रकार तर सरळ धोक्याचा आहे. प्रोग्रॅमर सगळं स्वतः लिहीत नाहीत. इतरांनी लिहून ठेवलेली तयार पॅकेजं नावानं मागवून घेतात. काही अमेरिकी विद्यापीठांतल्या संशोधकांनी १६ मॉडेलांकडून ५ लाख ७६ हजार कोडनमुने लिहून घेतले. त्यात सुचवलेल्या पॅकेजांपैकी जवळपास २० टक्के अस्तित्वातच नव्हती. मोफत उपलब्ध मॉडेलांत हे प्रमाण जास्त, विकत मिळणाऱ्यांत ५ टक्क्यांच्या आसपास. पुन्हा पुन्हा विचारलं तर यातली बरीच काल्पनिक नावं तीच ती येत राहिली. म्हणजे उद्या कोणी त्या नावाचं खोटं पॅकेज बनवून, आत विषारी कोड घालून ठेवलं, तर ते आयतंच तुमच्या संगणकात उतरेल. चोराला कुलूप फोडायचीही गरज नाही. पत्ता मॉडेलनंच दिलेला असतो.

इथं एक गोष्ट एआयच्या बाजूनं सांगायला हवी. कोडिंगमध्ये ही साधनं इतर कामांपेक्षा पुढे गेली त्याचं कारणच मुळी तपासणी आहे. कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर चूक दाखवतो, चाचण्या नापास होतात, आपणहून पुढची पावलं टाकणारी नवी एजंट-साधनं त्या चुका स्वतः वाचून पुन्हा प्रयत्न करतात. तपासणी जितकी स्वस्त आणि आपोआप, तितका एआयचा उपयोग खरा. पण त्या चाचण्या माणसानं विचार करून लिहिलेल्या हव्यात. कोड दुरुस्त करायच्या ऐवजी चाचणीच वाकवून 'पास' दाखवणारी मॉडेलं संशोधकांनी पाहिली आहेत. स्वतःच प्रोग्रॅम लिहून स्वतःच फर्स्ट पीसवर ओकेचा शिक्का मारणाऱ्याला क्वालिटीचा माणूस काय म्हणेल, ते इथं छापण्यासारखं नाही.

शिवार बदलून पाहू. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराच्या मोबाइलमध्येही आता चॅटबॉट आहे. डाऊनी रोगावर काय मारू, किती लिटरला किती ग्रॅम, काढणीआधी किती दिवस थांबू, असं विचारलं तर उत्तर लगेच, आकड्यानिशी येतं. आकडा एक-दोन ठिकाणी बरोबरही निघेल. पण निर्यातीच्या मालाला कोणतं औषध चालतं आणि फवारणी ते काढणी किती दिवसांचं अंतर हवं, याची यादी पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तयार करतं, आणि ती बदलत राहते. मॉडेलनं वाचलेली यादी कोणत्या सालची, हे उत्तरात लिहिलेलं नसतं. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे, म्हणजे बागायतदारांच्या बोलण्यातल्या सीसीसीचे, अंश मर्यादेबाहेर सापडले आणि माल अडकला. तो फटका अजून आठवणारी घरं निफाड तालुक्यात आहेत. इथं तपासणीचं गणित सरळ आहे. चॅटबॉटचा आकडा ताडून पाहायला शेवटी ती यादीच उघडायची असेल, तर आधी तीच का उघडू नये?

याउलट त्याच शेतकऱ्याला पीकविम्याच्या तक्रारीचं पत्र लिहायचंय, मुद्दे त्याला तोंडपाठ आहेत, फक्त सरकारी भाषेत मांडता येत नाहीत. तिथं खुशाल वापरावं. पत्र वाचून दोन मिनिटांत कळतं की गट नंबर, तारीख, क्षेत्र बरोबर आलंय का. लासलगावच्या आजच्या कांद्याच्या भावासाठी मात्र नको. इंटरनेटवर शोध न घेता मॉडेलला आजचा भाव माहीत असणं शक्यच नाही, आणि शोध घेतला तरी कुठल्या दिवसाचं पान हाती लागलं ते बघावं लागतंच.

तपासणारा कोण, हा प्रश्न यापुढचा. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच, कारखान्यांतल्या स्वयंचलनाबद्दल लिहिताना, एक पेच दाखवला होता. रोजचं सोपं काम यंत्र करायला लागतं, माणसाकडे फक्त देखरेख आणि अडलेलं काम उरतं. आणि रोजचं काम सुटल्यामुळे अडलेलं काम निस्तरण्याचं कसबच त्याच्या हातून निसटत जातं. आयटीआयमधून आलेला मुलगा आधी महिनोन्‌महिने दुसऱ्याचे प्रोग्रॅम चालवतो, मापं घेतो, शिव्या खातो, तेव्हा कुठे त्याला टिंब नसलेलं एक्स १० दुरून खटकतं. पहिल्या नोकरीत सगळा कोड एआयकडून घेणाऱ्या पोराला ते खटकेल कसं?

हा आक्षेप सगळीकडे सारखाच लागू होतो असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या ग्राहकसेवेतल्या पाच हजारांवर कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात एआयच्या मदतीनं तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांच्या ३४ टक्क्यांनी, आणि मुरलेल्यांच्या जवळपास नाहीच. तिथं साधन कंपनीतल्याच चांगल्या कर्मचाऱ्यांची उत्तरं नवख्यांपर्यंत पोहोचवत होतं, आणि उत्तर चुकलं तर समोरचा ग्राहक लगेच बोलत होता. मीटरच्या प्रयोगात माणसं कामात मुरलेली होती, आणि त्यांना जे माहीत होतं त्यातलं बरंचसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

म्हणून कोणाच्या सांगण्यावरून घेण्यापेक्षा आपल्याकडेच मोजावं, आणि ते अवघड नाही. नाशकातल्या एखाद्या आठ-दहा जणांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात दोन महिने एवढं करता येईल: काम हातात घ्यायच्या आधी नाणं उडवायचं. छाप आला तर एआय, काटा आला तर नाही. 'हे काम एआयजोगं आहे' असं म्हणून नाणं फिरवायचं नाही, नाहीतर सोपी कामं सगळी एकाच बाजूला जातील. सुरुवातीला अंदाज लिहायचा, शेवटी घड्याळाचा वेळ. आणि पंधरा दिवसांनी क्लायंटकडून दोष परत आला तर त्याच्या दुरुस्तीचे तास त्या दिवशीच्या नव्या कामावर टाकायचे नाहीत, मूळ कामाच्याच नावावर चढवायचे. हा शेवटचा रकाना बहुतेक टाइमशीटमध्ये नसतो. तो आधी आखून घ्यावा लागेल.