हात थांबतात तेवढ्या वेळात

हृदय बंद पडलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते आणि पाठोपाठ मेंदूतले विजेचे तरंगही सपाट होतात. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण प्राणवायू त्याला लागतो सुमारे 20 टक्के, आणि साठा जवळपास नाहीच. सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचा तातडीचा उपचार, देणारा माणूस मिनिटाला 100 ते 120 दाब देतो, तो सगळा आटापिटा मुख्यतः मेंदू जगवण्यासाठी. तरी सगळ्यांचे डोळे लागलेले असतात ते हृदयाच्या आलेखाकडे. मला हे फार खटकतं.

मेंदूपर्यंत रक्त पोचतंय का, हे कळणार कसं? बोटाला लावतात तो ऑक्सिमीटर इथे कुचकामी, कारण त्याला नाडी लागते. म्हणून कपाळावर एक चिकटपट्टी लावतात. तिच्यातून निघालेला अवरक्त प्रकाश कवटीतून आत जातो, त्यातला थोडा परत येतो. प्राणवायू वाहणारं हिमोग्लोबिन हा प्रकाश एका तऱ्हेने शोषतं, रिकामं झालेलं दुसऱ्या तऱ्हेने. त्या फरकावरून मेंदूतल्या रक्तात प्राणवायू किती आहे, याचा आकडा मिळतो. निरोगी माणसात तो साधारण 60 ते 80 टक्के असतो. छाती दाबताना तो चढत गेला, तर हृदय पुन्हा सुरू होण्याची आशाही वाढते.

ईईजीचं, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या तरंगांच्या आलेखाचं, काम इतकं सोपं नाही. मेंदूचे तरंग मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजायचे आणि इथे दर दाबासरशी अख्खं अंग हलतंय! तारा हलतात, कागदावर नुसते धक्क्यांचे डोंगर उमटतात. हृदयाची लय तपासायला हात थांबतात, तेवढ्यातच खरी रेघ दिसते. आणि हा थांबा 10 सेकंदांपेक्षा लांबवायचा नसतो, कारण हात थांबले की रक्तही थांबतं. म्हणजे मेंदूकडे बघायचं तर त्याला तेवढा वेळ उपाशी ठेवायचं.

हृदय बंद पडलेल्या रुग्णांवर संशोधन करणारे डॉ. सॅम पार्निया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच थांबे वापरले. 25 रुग्णालयांतल्या 567 रुग्णांचा त्यांचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. ईईजी मिळालेल्यांपैकी अनेकांची रेघ सपाट होती. पण काहींच्या मेंदूत सीपीआर सुरू होऊन 35 ते 60 मिनिटं झाल्यावरही जवळपास नेहमीसारखे तरंग दिसले. तरंग दिसले म्हणजे माणूस जागा होता, असं मात्र म्हणता येत नाही.

क्वचित एखादा रुग्ण खरोखरच जागा होतो. हृदय अजून बंदच असतं, तरी तो डोळे उघडतो, छातीवरचे हात ढकलू पाहतो. दाबणारा दचकून थांबतो, आणि ते डोळे पुन्हा मिटतात.